पोरोसिटी सारखी म्हणजे खडक एकसारखा? नाही हो

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय, की तिथल्या चुनखडीत सगळीकडे पोरोसिटी (खडकातली मोकळी जागा) साधारण सारखीच, म्हणून एका विहिरीचा कोर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) तपासला की अख्ख्या फील्डचा अंदाज येतो. हे साफ चुकीचं आहे. 1974 साली सापडलेल्या या फील्डचा मुख्य साठा एल-3 नावाच्या मायोसीन या भूवैज्ञानिक काळातल्या चुनखडीत आहे, आणि तो एकच जाड थर नाहीये, मधेमधे शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) पट्टे आहेत.

पोरोसिटी म्हणजे नुसती मोकळी जागा, ती एकमेकांना जोडलेली आहे का ते त्यातून कळतच नाही. शिंपले विरघळून सुटी सुटी भोकं पडली तर 20 टक्के पोरोसिटी असूनही तेल जागचं हलत नाही आणि शेजारच्या तुकड्यात तेवढ्याच पोरोसिटीत धो धो वाहतं. त्यात दीड इंची प्लगमध्ये (कोरमधून कापलेल्या छोट्या तुकड्यात) मोठी पोकळी मावतच नाही, तिथे पूर्ण कोरच तपासावा लागतो.

फरक मोजायला डायक्स्ट्रा-पार्सन्स गुणांक वापरतात, मधली परमिएबिलिटी (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते) 100 मिलिडार्सी (तिचं एकक) आणि 84.1 टक्के नमुने जिच्या वर असतात ती 30 असेल तर उत्तर 0.7, म्हणजे खडक बराच विषम (0 म्हणजे एकदम एकसारखा). पण थरांचा क्रम बदलला तरी हा आकडा तोच राहतो, म्हणून कृपा करून त्या एकट्यावरही विसंबू नका, तेलाला ढकलणारं पाणी कुठून घुसेल ते क्रमावरही ठरतं.