सोळा अंगठे आणि एक अंडं

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहकारनगरच्या दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं लिहिलं, "शाळेत अंडी कशाला हवीत? आपली ज्वारीची भाकरी खा म्हणावं, सगळं पोषण त्यात आहे." खाली सोळा अंगठे. मी इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्तच्या ओव्हरव्हेख्त स्टेशनवर स्प्रिंटरची, म्हणजे लोकलची वाट बघत उभी होते. गाडी आली तरी उत्तर टाइप करतच होते.

मुळात अंडी आहेत कुठे? राज्य सरकारनं २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आठवड्याला एक! त्यावर केवढी संस्कृती खर्च होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, ते ग्रुपवर कधी आलं नाही.

भाकरीशी माझं भांडण नाही. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, तो डाळीनं भरून निघतो. लोह असतं, पण धान्यातच असलेलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंचसं अंगी लागू देत नाही. वर लिंबू पिळलं तर थोडं जास्त लागतं. बी-१२ मात्र कुठल्याच धान्यात नाही, ते दूध-अंडी-मासे-मटणातून येतं. दादाच्या फ्रिजमध्ये दूध, दही, पनीर असतं. म्हणून त्याला भाकरी पुरते.

आणि भाकरी तरी कुणाच्या ताटात? आईकडे कामाला येणाऱ्या मावशी गेल्या दिवाळीत म्हणाल्या, "ज्वारी कुठली परवडतीय ताई, रेशनच्या गव्हाच्या चपात्याच करते." अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून रेशनवर भरडधान्य, म्हणजे ज्वारी-बाजरीही, लिहिलेलं आहे. मावशींच्या पिशवीत गहू आणि तांदूळच पडतात. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी हातानं उपटून काढावी लागते, मजूर मिळत नाहीत. ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊस लावतो, कारण उसाला कारखाना आहे आणि कायद्यानं ठरलेला दर आहे. जास्त लोहाची 'धनशक्ती' बाजरी २०१२ पासून महाराष्ट्रात आहे, पण बाजारात लोह मोजून भाव कोण देतो? सरकार काय विकत घेतं त्यावर शेतात काय पेरायचं ते ठरतं, मग चुलीवर काय चढणार तेही. दादाला हे कळत नाही असं नाही. त्याच्या सोसायटीत नाचणीच्या कुकीज येतात.

पुढे लिहिणार होते की इथे नेदरलँड्समध्ये अंड्यावरून कुणी धर्म काढत नाही. खरंच नाही काढत. पण इथल्या प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवणही सहसा नसतं, आणि माझा मुलगा रोज डब्यात ब्रेडवर हाखेलस्लाख, म्हणजे चॉकलेटचे दाणे, नेतो. ते मी गाळलं.

लहानपणी भाकरी ताटात आली की मी ब्रेड-बटर मागायची. तेव्हाच्या मावशी त्यांची घरून आणलेली भाकरी ओट्याखाली बसून खायच्या, त्यांची ताटली वेगळी. त्यात कधी कुणाला पोषण दिसलं नाही, मलाही नाही. आता हेगहून पीठ आणून रविवारी भाकरी थापते. ती कडेला चिरते आणि मुलगा म्हणतो, पापड आहे का?

युट्रेख्त सेंट्रल आलं. दादाचा मेसेज होता, "केव्हापासून टायपिंग दिसतंय, काय गं? जानेवारीत येतेस का, हुरडा खायला जाऊ."

लिहिलेलं सगळं पुसलं. येते म्हणाले, आणि वरच्या त्या मेसेजला सतरावा अंगठा दिला.