ही, शी आणि कुकर

आमच्या घरी इंग्रजीचा अभ्यास कुकरबरोबरच चढतो. संध्याकाळी सात वाजता मी ओट्यापाशी, लेक फ्रीजला पाठ लावून जमिनीवर आणि आई पलंगावर जपमाळ घेऊन, अशी बैठक जमते. बायको रेल्वेत टीसी आहे. दुसरी पाळी असली की विक्रोळीला पोचेपर्यंत तिला साडेदहा वाजतात. तेव्हा पाचवीचं इंग्रजी, आमटीची फोडणी आणि शिट्ट्या मोजणं ही तिन्ही खाती माझ्याकडे.

परवा लेक मोठ्याने वाचत होती, "ही इज कुकिंग."

आईने जपमाळ थांबवली. "ही कुठे करतेय? ही ड्यूटीवर आहे. करतोय तो."

"आजी, इंग्रजीत ही म्हणजे तो."

"आणि ती?"

"शी."

"शी!" आई म्हणाली आणि बाईमाणसाला असं हिणवणाऱ्या भाषेवर तिसऱ्या शिट्टीपर्यंत बोलत राहिली. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीला यायचं. २००० सालापासून ते पहिलीलाच येऊ लागलं, म्हणजे ही-शीचा हा गोंधळ घरोघरी चार वर्षं आधी सुरू झाला.

लेकीचं एक गाईड आहे. शाळेचं नव्हे, बाहेरचं. त्यात रिकाम्या जागा भरायच्या असतात. धिस इज अ नर्स, पुढे टिंबटिंब. धिस इज ॲन इंजिन ड्रायव्हर, पुढे टिंबटिंब. लेकीने दोन्हीकडे शी लिहिलं. मागे उत्तरं बघितली, तर ड्रायव्हरपुढे ही. आता ड्रायव्हर या शब्दाला इंग्रजीत ना मिशी ना कुंकू. मराठीत मात्र गाडी हलायच्या आधीच 'ड्रायव्हर आला' की 'ड्रायव्हर आली' ते ठरवावं लागतं. इंग्रजीला निदान एक वाक्यभर गुपित राखता येतं, तर या गाईडला तेवढाही दम नाही.

रात्री बायकोने पर्स खुंटीला अडकवता अडकवता ते पान बघितलं. "अहो, सुरेखाताई यादव १९८९ ला सहायक चालक झाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून वंदे भारत घेऊन सीएसएमटीला आल्या. आणि हे अजून 'ही'वरच?" मग तिने पेनाने उत्तर खोडून त्यावर सही केली. सवय!

दुसऱ्या दिवशी आलं 'चेंज द जेंडर'. डाव्या रकान्यात पुरुष, उजव्यात बाई. किंगची क्वीन होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग गव्हर्नरची गव्हर्नेस झाली. लेक म्हणाली, "म्हणजे राज्यपालबाई?" डिक्शनरी काढली. गव्हर्नर राज्य सांभाळतो, गव्हर्नेस श्रीमंतांची पोरं सांभाळते. एवढीशी शेपटी बदलली आणि राजभवनातून थेट पाळणाघरात! विझार्ड हा नुसता जादूगार, त्याची बाई झाली की चेटकीण. बॅचलरची स्पिन्स्टर निघाली. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. बॅचलर तेव्हा काय कातत होता, त्याचा उल्लेख कुठेच नाही. मी स्वतः अडतीस वर्षं बॅचलर होतो आणि या शब्दाचा मुंबईतला अर्थ मला पाठ आहे: ज्याला कोणी खोली भाड्याने देत नाही तो. डॉगची जोडी लेकीने खालच्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचली, तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

इंग्रजीला फार हसायलाही नको. लालबागला आमच्या चाळीत डॉक्टरीणबाई होत्या. त्या डॉक्टरांच्या पत्नी. थर्मामीटर त्यांनी जन्मात झटकला नसेल. जी खरोखर सुई टोचायची ती डॉक्टरबाई. मराठीत त्या एवढ्याशा 'ईण'मध्ये अख्खं मेडिकल कॉलेज बुडतं.

त्याच चाळीत राहून मी पाचवीला 'माय फॅमिली' लिहिला होता. बाईंनी फळ्यावर मजकूर दिलेला: फादर आरामखुर्चीत पेपर वाचतात, मदर किचनमध्ये असते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आरामखुर्ची मावली नसती आणि किचन म्हणजे त्याच खोलीचा उजवा कोपरा. बाबा गिरणीत तिसऱ्या पाळीला, त्यामुळे दिवसा तोंडावर पंचा टाकून झोपलेले. आई खाणावळ चालवायची. बारा गिरणी कामगारांचं दोन्ही वेळचं जेवण ती एका स्टोव्हवर आणि एका शेगडीवर करायची. मी लिहिलं, 'माय फादर इज अ मिल वर्कर. माय मदर डझ नॉट वर्क.' बाईंनी गुड दिला.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाईंचा मजकूर शब्दशः खरा ठरला. बाबा दिवसभर पेपर वाचत बसू लागले. आई कोपऱ्यातच. फक्त, काम न करणाऱ्या त्या बाईच्या वहीत आता बारा जणांची उधारी चढत होती, आणि तेरावे बाबा. निबंध मी दुरुस्त केला नाही. गुड मिळालेला होता ना.

पुढे २०१९ ला थोरला दुसरीत असताना बालभारतीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दिसले. शिवाय बाई डॉक्टर आणि बाप्या शेफ. पेपरात बातम्या आल्या. विनातिकीट प्रवाशापुढे पावतीपुस्तक धरावं तसं बायकोने ते पान माझ्यापुढे धरलं. आईनेही चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, आता जुन्या पिढीचा विरोध सुरू होणार. पण ती म्हणाली, "चित्रात बसायला काय जातंय? याला मेथी द्या."

दिली. एकेक पान खुडत मी पाऊण तासात अर्धी जुडी संपवली. आई म्हणाली, "आधी मुळं काप. मग शेंडा चिमटीत धर, कोवळा देठ आपोआप मोडतो. मोडत नाही तो टाकायचा. तू पानं मोजत बसलास तर परवा जेवू." खाली पेपर अंथरला होता. मी मान वाकडी करून, मातीचे गोळे बाजूला सारत अग्रलेख वाचत होतो. म्हणजे फादर पेपर वाचतच होते. बाईंचं तेवढं वाक्य ३७ वर्षांनीही शाबूत होतं.

आता लेकीला निबंध आला, 'माय फादर'. तिने तो माझ्या मदतीशिवाय लिहिला आणि वही शाळेत देण्याआधी मला दाखवला नाही. चोरून वाचला: 'माय फादर इज अ गुड कुकर. ही मेक्स मेथी. माय मदर कॅचेस पीपल.'

माझी झोप उडाली. शाळेतल्या बाई बोलावणार, फादर आणि मदर अदलाबदल करा म्हणणार. त्यांना काय काय ऐकवायचं ते मी दोन दिवस ओट्यापाशी घोकलं. सुरेखाताई घेतल्या, गव्हर्नेस घेतली, खाणावळीची वही घेतली. एकदा तर झारा हातात घेऊन सबंध भाषण झालं. लेक घाबरून आजीच्या पलंगावर गेली.

काल वही परत आली. सगळ्या वाक्यांवर बरोबरची खूण. फक्त 'कुकर'मधल्या 'र'ला लाल गोल आणि वर बाईंचं सुवाच्य अक्षर: कुक. 'कॅचेस पीपल'पुढे त्यांनी स्वतःच 'विदाउट टिकेट्स' घातलं होतं.

"म्हणजे 'र' काढला की माणूस होतो?" लेकीने विचारलं.

तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "अरे, पाऊण तास झाला. तुझ्या त्या कुकरची एकही शिट्टी कशी नाही?"

मी वाकून बघितलं. गॅस पेटवलाच नव्हता.