दाखवता न येणारं दुखणं

पुण्यात आजारी पडायचं तर आजार दाखवण्याजोगा हवा. प्लास्टर हवं, गळ्यात पट्टा हवा, निदान हातात एक्स-रेचं मोठं पाकीट तरी हवं. म्हणजे जिन्यात भेटणारा माणूस दोन पायऱ्या खालीच थांबतो, "अरेरे" म्हणतो आणि आपल्या साडूच्या ऑपरेशनची हकिगत सांगून मोकळा होतो. माझ्या वाट्याला आलं ते टाचेमागच्या शिरेचं दुखणं. सूज म्हणावी तर बोट लावल्यावरच कळणारी. लंगडणं म्हणावं तर भल्या सकाळी, पलंगापासून बाथरूमपर्यंत, आणि त्या वेळी घरात बघायला कुणी जागं नसतं. चहा उकळेपर्यंत मी सरळ चालायला लागते. दिवसभरात बसून उठलं की पहिली चार पावलं जीव जातो, पण लोक बघतात ते पाचवं.

डॉक्टरांनी शीर चिमटीत धरली, मी छताकडे पाहिलं, आणि निदान झालं : अकिलिस टेंडिनोपथी. पोटरीचे मोठे स्नायू खाली येऊन ज्या दोराने टाचेच्या हाडाला बांधलेले असतात, तो हा टेंडन, म्हणजेच मी म्हणते ती शीर. शरीरातला सगळ्यात जाड आणि दणकट. धावताना आपल्या वजनाच्या सहा-आठपट ओढ सोसतो म्हणे. पण टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वरच्या भागात त्याचा रक्तपुरवठा बेताचा असतो, आणि बरोबर तिथेच तो कुरकुरतो. नाव ग्रीक वीराचं. त्याच्या आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केलं, पण बुडवताना धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली.

ही गोष्ट मी घरी येऊन सांगितली तेव्हा सासूबाई निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "मग दुसरा पाय धरून पुन्हा एकदा बुडवायचं की. आम्ही बाळाला न्हाऊ घालताना उलटंपालटं करायचो ते काय हौस म्हणून?"

तीन हजार वर्षं ग्रीकांना हे सुचलं नाही.

डॉक्टरांनी कारणांची यादीच दिली होती : चालणं एकदम वाढवणं, पोटरी कमजोर असणं, अगदी सपाट तळाच्या चपला, चढाची सवय आणि वय. आम्ही सहकारनगरला राहतो. पर्वती हाकेच्या अंतरावर, १०३ पायऱ्या. हत्तीलाही चढता यावं इतक्या त्या रुंद आणि उतरत्या, म्हणजे चढताना प्रत्येक पायरीला पोटरी ताणली जाणारच. यादीतलं नेमकं कोणतं कारण मला लागू आहे हे ठरवायला घरात बैठक बसली. नवऱ्याने चपलांना मत दिलं, मुलीने पर्वतीला. वयाला कुणी उघड मत दिलं नाही, पण दोघांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

मला खरी आशा विश्रांतीची होती. 'महिनाभर पाय वर करून पडून राहा' असं एखाद्या शिकलेल्या माणसाने आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं, ही प्रत्येक गृहिणीची जुनी इच्छा असते. फिजिओथेरपिस्टने ती तिथल्या तिथे निकालात काढली. या दुखण्यात नुसती सूज नसते, शिरेच्या आतल्या धाग्यांची घडी विस्कटलेली असते. पडून राहिलं की दुखणं दबतं आणि शीर आणखी लेचीपेची होते. तिला भार हवा असतो : सोसेल इतका, मग थोडा अधिक, मग आणखी अधिक. हे महिनोन् महिने. वर आणखी एक फर्मान निघालं : घरातही अनवाणी चालायचं नाही, टाचेला जराशी उंची असलेल्या चपला घालायच्या.

आता आमचं घर असं की स्वयंपाकघरात चपला फक्त गॅस सिलेंडर आणणाऱ्याच्या पायात दिसल्या आहेत, आणि तो गेल्यावर फरशी पुसली गेली आहे. सासूबाईंपुढे प्रस्ताव मांडला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "देवापाशी जाताना?" देवापाशी काढीन म्हटलं. "आणि लोणच्याच्या बरणीपाशी?" वाटाघाटी दोन जेवणं चालल्या. अखेर तोडगा निघाला : चपला कोऱ्या घ्यायच्या, दुकानातून पिशवीतून आणायच्या, उंबऱ्याबाहेर त्यांचं पाऊल पडता कामा नये, आणि बरणीला मी हात लावायचा नाही. लोणचं वाढायला त्या स्वतः उठतात. गेल्या कित्येक वर्षांत या घरात मला बसल्या जागी वाढलं गेलेलं हे एकमेव पान आहे, त्यामुळे त्या अटीबद्दल माझी तक्रार नाही.

घरगुती उपायांबद्दल फार लिहीत नाही. आंबेहळद, निर्गुडीचा पाला, शेकायला विटेचा तुकडा, सगळं झालं. घराला औषधी वास आला, शिरेला काही कळलं नाही.

फिजिओथेरपिस्टचं म्हणणं, उभं राहून सबंध वजन पेलण्याआधी पिलाटेस नावाच्या व्यायामपद्धतीच्या मशीनवर आडवं पडून सुरुवात करा. ते मशीन म्हणजे रिफॉर्मर. लाकडी चौकटीवर एक गादी ड्रॉवरसारखी पुढेमागे सरकते, खाली स्प्रिंगा, पायाशी दांडा, खांद्यांना टेकणं, वर पट्टे. स्प्रिंगांचे रंग वेगवेगळे, रंगागणिक ताण वेगळा. पाठीवर झोपायचं, चवडे दांड्यावर ठेवायचे, गुडघे सरळ करत गादी मागे ढकलायची, टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. सोय अशी की आपलं सगळं वजन पायावर येत नाही. स्प्रिंग काढली की भार कमी, लावली की जास्त. दुखऱ्या शिरेला मोजूनमापून खाऊ घालता येतं. हा क्लास तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. आवाज मऊ, नजर पोलिसाची. "मॅम, रिब्ज क्लोज करा. मॅम, बेंबी आत. मॅम, टाच चार आकड्यांत खाली." मी दोनातच आणली. "मॅम, चार." चार मोजून टाच खाली आणणं हे काय प्रकरण आहे ते केल्याशिवाय कळणार नाही. भाजी, डबे, गणवेश, बिलं, सगळं आयुष्य मी दोनाच्या आत उरकत आले आहे. तिसऱ्या आकड्याला पोटरी थरथरते आणि चौथ्याला मला अडवलेली सगळी माणसं आठवतात. "मॅम, चेहऱ्याने नका करू." चेहऱ्याने करू नको म्हणजे? माझी बरीचशी कामं मी चेहऱ्यानेच करते.

आणखी एक गोष्ट तिने पहिल्याच आठवड्यात पकडली. दोन्ही पाय दांड्यावर असले की माझा उजवा पाय गुपचूप डाव्याचंही काम उरकून टाकतो. मला यात गैर वाटलं नाही, आमच्या घरात हीच पद्धत आहे. पण तिने उजवा पाय हवेत धरायला लावला आणि डाव्याला एकट्याला जुंपलं. मग ती दर फेरीनंतर विचारायची, "दुखतंय का? दहापैकी किती?" पाचपर्यंत चालतं, मात्र दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं दिसता कामा नये, असा नियम आहे. मी म्हटलं, "पावणेचार." तिने वहीत चार लिहिलं. पाव गुणाचा हा अन्याय मी अजून विसरलेले नाही.

एव्हाना खालच्या मजल्यावरच्या काकांना वास लागला होता. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. "मॉडेल कॉलनी सोडून तुम्ही जर्मनांकडे?" हा त्यांचा सवाल. मॉडेल कॉलनीत योगाचार्य अय्यंगार गुरुजींची संस्था आहे. गुरुजी १९३७ साली पुण्यात आले, दोऱ्या, पट्टे, विटा, खुर्च्या घेऊन त्यांनी जगाला उभं राहायला शिकवलं, आणि मी पैसे मोजून पट्ट्यात पाय अडकवते, याचा काकांना मनस्ताप. मी त्यांना जोसेफ पिलाटेसची माहिती दिली. जन्म १८८३, जर्मनीत. लहानपणी दमेकरी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये होता, म्हणून इंग्रजांनी शत्रूचा माणूस ठरवून आईल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबला. तिथे अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्याने त्यांना पडल्या पडल्या व्यायाम दिला, असं सांगतात. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे बॅले नाचणारे दुखरे पाय घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंग्रजांनी डांबला होता ना?" ते म्हणाले. "मग ठीक आहे."

माझंही मत सांगते. त्या मशीनमध्ये जादूबिदू नाही. शिरेला वाढता भार हवा, तो कशानेही द्या. मशीनवर तो मापात देता येतो, आणि कंबर, मांडी, पाऊल एकमेकांशी बोलायला लागतात, इतकंच. स्प्रिंगांचं माप संपलं की उठून उभं राहावंच लागतं.

उभं राहण्याचा व्यायाम जगाला दाखवला हाकन आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने. त्याचीच शीर दुखत होती, ऑपरेशन करा म्हणाला, वरिष्ठांनी नकार दिला. मग हा चिडला. शीर तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल, अशा हिशेबाने तिला मुद्दाम ताण देत सुटला, आणि ती बरी झाली, अशी गोष्ट सांगतात. वरिष्ठांवर रागावून बरं झालेला हा बहुधा एकमेव सरकारी-पद्धतीचा रुग्ण. १९९८ साली त्याने पद्धत छापली : पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची, पंधराचे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला १८०. ज्यांचं दुखणं अगदी हाडापाशी असतं त्यांनी टाच पायरीच्या पातळीखाली न्यायची नाही. माझं वर आहे, त्यामुळे मला ती सवलत नाही. फिजिओथेरपिस्टने आकडा माझ्यापुरता कमी केला, पण दुखेनासं झाल्यावर पाठीवर वजन घ्यायला सांगितलं.

घरात मोजलेलं वजन कोणतं? आंबेमोहोरची पाच किलोची पिशवी. ती मुलीच्या कॉलेजच्या सॅकमध्ये भरून मी सोसायटीच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, कठड्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहते. वर उचलते, चार मोजत खाली सोडते. येणारे-जाणारे थांबतात. "किल्ली विसरलात का?" हे सगळ्यात जास्त. "राजगडाला का?" हे सॅक बघून. एका आजींनी काहीच न विचारता खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, सगळ्यांच्याच घरात असतं. तू आत जा." त्यांना काय वाटलं असेल ते मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

दुखणं अजून दाखवता येत नव्हतं, पण व्यायाम आता दिसू लागला होता, आणि बदनामी व्यायामाची सुरू झाली. काकांनी बघितलं तेव्हा तीन प्रश्न विचारले : सॅकमध्ये काय, तांदूळ जुना का नवा, आणि जिना सामाईक मालमत्ता आहे याची कल्पना आहे ना.

सध्या बरं आहे. सकाळची लंगड पलंगापासून दारापर्यंत आटली आहे. पर्वती चढायला परवानगी मिळाली, एकदाच, आणि उतरताना घाई नाही. तांदूळ आठ किलोवर गेले. वहीतला आकडा दोनावर आहे. मी दीड सांगितला होता.

परवा फिजिओथेरपिस्ट म्हणाली, शीर आता स्प्रिंगचं काम करायला शिकली पाहिजे, उड्या सुरू करू. आधी दोन्ही पायांवर, जागच्या जागी, मग एका पायावर. घरात मारल्या तर खाली काकांचा पंखा हलतो, जिन्यात पडायची भीती. राहिली गच्ची. तिथे दाराला काकांच्या अक्षरातली पाटी आहे : 'मुलांनी गच्चीवर उड्या मारू नयेत. आदेशावरून.' पाटी दोनदा नीट वाचली. मुलांनी असं स्पष्ट लिहिलं आहे. सुनांबद्दल एक अक्षर नाही. सोमवारी सकाळी सहाला जाते आहे.