एका ब्रास खडीत शंभर फुटांची वाट होत नाही

‘रस्त्यापासून घरापर्यंतची खडीची वाट फक्त एका ब्रासमध्ये’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या धाकट्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी त्याच हिशेबाने क्रशरवाल्याला खडी सांगायची तयारी केली, म्हणून हे लिहिणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: १०० फूट लांब आणि १० फूट रुंद वाटेला एक ब्रास खडी पुरते, खालची माती खोदू नये, प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, नदीतले गुळगुळीत गोटे सर्वांत टिकाऊ, वाट अगदी सपाट ठेवावी, रोलरची गरज नाही, आणि खर्च म्हणजे ब्रासचा दर, बाकी काही नाही.

पहिला दावा साध्या गुणाकाराने कोसळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाटेचे क्षेत्रफळ १,००० चौरस फूट. म्हणजे एक ब्रास खडी सारखी पसरली तर थर जेमतेम सव्वा इंचाचा होतो आणि २० मिमी खडीचे धड दोन दगडही एकावर एक बसत नाहीत. दाबून ३ इंचांचा थर हवा असेल तर २५० घनफूट, म्हणजे अडीच ब्रास लागते. आणि तीही सैल खडी नव्हे, दाबून बसलेली. सैल खडी दाबली की तिचे आकारमान घटते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १९’ या पाणी मारून दाबलेल्या खडीच्या रस्त्यांच्या संहितेत याचे प्रमाण दिलेले आहे: १० चौरस मीटरवर दाबून ७५ मिमी थर बसवायला ०.९१ ते १.०७ घनमीटर सैल खडी. थराचे भौमितिक आकारमान ०.७५ घनमीटर, म्हणजे सैल खडी सव्वापट ते जवळजवळ दीडपट. या प्रमाणाने आपल्या वाटेला ३ ते साडेतीन ब्रास खडी लागते, आणि फटी भरायची कच त्याहून वेगळी. ज्याने एक ब्रास मागवली त्याची वाट पहिल्या तीसेक फुटांतच संपेल.

पैशांच्या दृष्टीने मात्र याहून घातक सल्ला प्लॅस्टिकचा आहे, विशेषतः मामांसारख्यांना, ज्यांचे घर काळ्या मातीत आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिची वजन पेलण्याची ताकद जाते; मग चाकाखालचा दगड खाली रुततो आणि चिखल दगडांच्या फटींतून वर येतो. प्लॅस्टिकने यातले काहीच थांबत नाही. खडीतून उतरलेले पाणी कागदावर साचते, गुळगुळीत कागदावरून खडी सरकते आणि खडीच्याच धारदार कडांनी कागद फाटला की खाली चिखल होतोच. माती आणि दगड यांच्यामध्ये काहीतरी असावे, एवढा अर्धा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो. पण त्यासाठी पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड असते, शेततळ्याला घालतात तसला कागद नव्हे. कापड नसेल तरी वरची मऊ माती काढून मुरुमाचा ६ इंचांचा थर दाबून घ्यावाच लागतो. तेवढ्याच क्षेत्रफळाला दाबलेला मुरूम ५ ब्रास होतो आणि सैल मागवताना त्याहून जास्त धरावा लागतो. संदेशात मुरुमाचा उल्लेखच नाही.

गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली घरंगळतात. फोडलेली, कोनदार खडी अडकते, म्हणून तीच घ्यावी. शिवाय नदीतून विनापरवाना दगड उचलणे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली दंडनीय आहे, हे गोट्यांचा मोह दाखवणाऱ्याने सांगायला हवे होते. सपाट वाटेवर पाणी उभे राहते. १० फूट रुंदीला मधोमध दीड ते पावणेदोन इंच उंचवटा आणि कडेला चर हवाच. रोलरबाबत एवढे खरे की छोट्या वाटेवर भरलेला ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवून काही दाब मिळतो, पण तो मुख्यतः चाकांच्या पट्ट्यांत मिळतो.

खर्चाचा हिशेब मांडताना खडी, कच आणि मुरूम यांचे सैल ब्रास वेगवेगळे काढावेत आणि प्रत्येकाला खाणीवरचा दर, सरकारला द्यायची रॉयल्टी आणि वाहतूक लावावी; खाण लांब असेल तर वाहतूकच दगडापेक्षा महाग पडू शकते. त्यात खोदाईचा जेसीबी, रोलर, पाणी आणि मजुरी मिळवावी. दर टनावर सांगितला तर त्याच क्रशरवर एका ब्रासचे टन किती धरतात ते आधी विचारून घ्यावे, कारण ओली खडी वजनात जास्त भरते आणि आपल्या पदरात दगड कमी पडतो. आणि डंपर रिकामा करण्यापूर्वी त्याच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि माल भरल्याची उंची फुटांत मोजून गुणाकाराला १०० ने भागावे. तेवढेच ब्रास पावतीवर असले पाहिजेत.