लहान मुलं सोबत असतील तर स्कँडिनेव्हियात दोनच शहरं करा, हात जोडून सांगते

आज दुपारी जेवायला बसले आणि चुलत दिराचा मेसेज आला. पुढच्या जूनमध्ये ते चौघं इकडे येतायत. मुलं तीन आणि सहा वर्षांची. सोबत एक्सेल शीट. "वहिनी, जरा नजर टाका ना, काही राहत नाहीये ना?"

सात रात्री. कोपनहेगन, माल्मो, स्टॉकहोम, ऑस्लो, फ्लॉम, बर्गन. प्रत्येक दिवसाचे मिनिटामिनिटाचे रकाने. "१४.१० ते १४.४० लिटल मर्मेड." "१५.१५ न्यूहाव्न, फोटो." मुलांच्या जेवणाला रकाना नाही. दुपारच्या झोपेला नाही. शी-शूला तर नाहीच नाही. घास तसाच राहिला माझा.

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण आत्ता दिलं तर तिखट होईल. म्हणून इथे लिहितेय. तसंही दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर असली शीट तुमच्यापैकी कोणी ना कोणी पाठवतंच, आणि दर वर्षी मी गोड बोलून गप्प बसते. यंदा नाही बसणार.

गेल्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण आली होती, डोंबिवलीहून, पाच वर्षांच्या लेकाला घेऊन. मी स्वीडनमधल्या माल्मोत राहते आणि रोज समुद्रावरचा पूल ओलांडून डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला नोकरीला जाते, तेव्हा त्यांना घ्यायला विमानतळावर गेले होते. तिथून एम-२ मेट्रो पकडली. या मेट्रोला ड्रायव्हर नसतो. २००२ पासून अशीच चालते. विमानतळ हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे गाडी रिकामी असते आणि अगदी पुढच्या काचेपाशी जागा मिळते. पोरगं तिथे जाऊन बसलं. दोन्ही तळवे काचेवर. आधी गाडी उघड्यावरून धावते, एका बाजूला समुद्राकडची मोकळी जागा दिसते, आणि मग समोर बोगद्याचं तोंड येतं नि गाडी आत घुसते. बोगद्यात दिवे दिसायला लागल्यावर हा मोठ्याने ओरडला, "पुढील स्टेशन... मुलुंड!" मग ठाणे. मग कळवा. प्रत्येक स्टेशनला त्याची घोषणा. समोरच्या डॅनिश आजींना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या.

उतरायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "अजून एकदा?" आणि बहिणीचा नवरा म्हणाला, "अरे, मर्मेड राहील!"

ओढत नेला हो त्याला. रडत, लाथा झाडत. आणि ती मर्मेड म्हणजे १९१३ सालचा, जेमतेम सव्वा मीटर उंचीचा पुतळा, पाण्याकाठच्या दगडावर, भोवती फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. तिथे पोचेपर्यंत पोरगं बापाच्या खांद्यावर झोपून गेलं होतं. फोटोसाठी उठवलं त्याला. तो फोटो तुम्ही पाहिलाय, दोनशेच्या वर लाइक होते त्याला. त्यातलं त्याचं लालबुंद तोंड कोणाला दिसलं नाही का?

मला कळतं. एवढा खर्च करून माणूस येतो. मोठ्यांच्या व्हिसाचेच माणशी ९० युरो, वर विमान, वर इथली महागाई. पुन्हा येणं होईल न होईल. सगळं पाहून घ्यावं असं वाटणारच. बरं, मान्य. पण तीन वर्षांचं मूल "सगळं" पाहत नाही. ते एक जिना चढतं-उतरतं, एक बदक बघतं, एक लिफ्ट दहा वेळा दाबतं, आणि त्याचा दिवस भरतो. तो तुम्ही भरू देत नाही, याचा राग येतो मला.

आणि हा सगळा प्रदेश मुलांच्या बाजूने उभा आहे, तुम्ही नुसतं थांबायचं आहे! कोपनहेगनच्या फेलेडपार्कमध्ये एक वाहतुकीचं मैदान आहे. छोटे रस्ते, छोटे सिग्नल, पाट्या, आणि मुलांनी त्यावर सायकल चालवायची. फुकट. दिराच्या शीटमध्ये ते नाही. टिव्होली, म्हणजे पाळण्यांची बाग, आहे ती १८४३ पासून, मुख्य स्टेशनच्या अगदी समोर, सामान ठेवून चालत जा. तिथे आख्खी संध्याकाळ द्या, पाऊण तास नाही. डेन्मार्कमध्ये बस-मेट्रोत एका मोठ्या माणसाबरोबर बारा वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात. म्हणजे मेट्रोच्या पुढच्या काचेपाशी बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर फिरलात तरी मुलांचा एक क्रोनाही लागत नाही. बहिणीच्या लेकाला हेच हवं होतं. एवढंच. आणि वाटेत अमागर स्ट्रँडला उतरलात तर वाळू आहे, उथळ पाणी आहे, डबा उघडून बसा.

बरं, आता रेल्वे. शीटमध्ये रेल्वे म्हणजे "ट्रान्सफर" असं लिहिलंय. ट्रान्सफर! अरे, मुलांसाठी तीच तर सहल आहे.

माल्मोची गाडी घ्या. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनपासून चाळीसेक मिनिटं. आधी समुद्राखालचा चार किलोमीटरचा बोगदा, मग माणसाने बांधलेलं एक बेट, आणि तिथून वर येऊन जवळपास आठ किलोमीटरचा पूल. खालून आपली रेल्वे, डोक्यावरून मोटारी. २००० साली झाला हा पूल. मी रोज जाते तरी बोगद्यातून बाहेर पडून एकदम पाणी दिसतं तेव्हा मोबाइल खाली ठेवते. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, स्वीडनमध्ये शिरताना पहिल्याच स्टेशनवर पोलिस डब्यात येऊन विचारतात. बॅगेच्या तळाशी असला की बाळाला कडेवर घेऊन सगळं उपसत बसावं लागतं, बघते ना मी रोज.

पुढे स्टॉकहोमला कोपनहेगनहूनच थेट गाडी आहे, पाच तासांहून थोडा जास्त वेळ. विमान लवकर पोचतं, आहेच. पण विमानतळावरच्या रांगा, सुरक्षा तपासणी, स्ट्रोलर घडी करा, पुन्हा उघडा, यात मुलांचा जीव जातो. गाडीत ती उठतात, चालतात, खिडकीला नाक लावतात. स्टॉकहोममध्ये युर्गार्डन बेटावर एक दिवस द्या, आणि तिथे स्लुसेनच्या धक्क्यावरून बोटीने जा, शहराच्या नेहमीच्या तिकिटावरच चालते ती. तिकडे स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात अस्वलं आहेत, मूस नावाची मोठाली हरणं आहेत, जुनी लाकडी घरं आहेत, १८९१ पासून. वासा जहाज बघाच, १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं आणि १९६१ ला वर काढलं. एवढं प्रचंड लाकूड एकदम समोर येतं की मुलंही गप्प होतात. पण वीस मिनिटं. वीस मिनिटांनी मूल म्हणेल चला, तर चला.

बहिणीच्या लेकाने वासासमोर उभं राहून विचारलं होतं, "ती ड्रायव्हर नसलेली गाडी इथे आहे का?" तिचा नवरा वैतागला. मला मात्र गलबलून आलं. पोराने आपल्याला काय आवडलं ते स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, मुलुंड-ठाणे-कळवा करून. ऐकलं कोणी?

आणि नॉर्वे. नॉर्वे सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय. पण ते यात कोंबू नका. ज्यांना डोंगर हवेत त्यांनी फक्त नॉर्वेच करावं. ऑस्लोहून बर्गनची गाडी घ्या, साडेसहा-सात तास, १९०९ पासूनची लाइन. वर फिन्सेला १२२२ मीटरवर जाते. त्या गावाला मोटारीचा रस्ताच नाही, रेल्वेनेच जायचं. जूनमध्येसुद्धा तिथे बर्फ सापडतो. या गाडीला फॅमिली डबा असतो, त्यात मुलांना खेळायला कोपरा असतो. तिकीट काढताना तोच निवडा, आणि लवकर काढा, उशीर केला की भाव चढतात. मिर्डालला उतरून फ्लॉमची वीस किलोमीटरची गाडी साडेआठशे मीटर खाली उतरते, मध्ये धबधब्यापाशी थांबते. हे झालं की बास. त्याच आठवड्यात स्टॉकहोम नाही.

हे लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. दीर वाईट नाही, खूप प्रेमाने केलीय त्याने ती शीट, रात्री जागून. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंना, सगळ्या ठिकाणचे फोटो हवेत, तेही आहे. तिकडे परत गेल्यावर पहिला प्रश्न "काय काय पाहिलं?" हाच येतो. मुलं रमली का, हे कोणीही विचारत नाही. काकू, मामी, तुम्ही वाचताय हे, तुम्हालाच सांगतेय, विचारा ना एकदा.

बाकी जे येणार आहेत त्यांच्यासाठी. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, कुकर-तांदूळ असला की संध्याकाळ सुटते. स्वीडनमध्ये दुधाच्या शेजारीच अगदी दुधासारख्या खोक्यात आंबट पातळ दही असतं, खोक्यावर "फिल" लिहिलेलं. बाटलीत घालू नका बाळाच्या, पण भातावर घाला, मीठ-साखर घाला, मुलं पातेलं चाटूनपुसून संपवतात. जूनमध्ये स्टॉकहोमला दहा वाजता सूर्य मावळतो आणि साडेतीनला उगवतो, तेव्हा घर बघताना जाड पडदे आहेत का ते आधी विचारा. आणि गाडीचं तिकीट काढताना शांत डबा चुकूनही घेऊ नका. तिथे फोनवर बोललेलंही चालत नाही, आणि तुमच्या मुलांनी बोलावं, ओरडावं, स्टेशनं पुकारावीत असं मला वाटतं.