धाडसाचं कौतुक झालं, तालमीचं काय?
‘जॅकी चॅनच्या यशाचं गमक म्हणजे जिवाची पर्वा न करणं’ हे तुमच्या जॅकी चॅनवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. जिवावर उदार होणारे स्टंटमन त्या काळच्या हाँगकाँगमध्ये पैशाला पासरी होते! त्याचं वेगळेपण टायमिंगमध्ये, आणि ते आलं पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असणारं चिनी नाट्य) शाळेतल्या लहानपणापासूनच्या तालमीतून. सामो हंग, युएन बियाओ हे ॲक्शनपटांतले त्याचे साथीदारही तिथलेच. लेखात त्यांचं नावही नाही.

‘पोलिस स्टोरी’तली (१९८५) मॉलमधली उडी परत बघा. दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या खांबावरून तो घसरत येतो, बल्ब फटाफट फुटतात (हात भाजले ते वेगळंच). पण दिग्दर्शकही तोच, म्हणून तीच उडी लागोपाठ वेगवेगळ्या कोनांतून दाखवतो. डुप्लिकेट वापरलाय अशी शंका घ्यायला जागाच नाही. हे डोकं आहे, निव्वळ धाडस नव्हे.