कूकरचा दांडा

आमच्याकडे चमच्यांच्या स्टँडमध्ये एक स्क्रूड्रायव्हर कायमचा मुक्कामाला आहे. तांदूळ धुवायचे, डाळ धुवायची, दांडा पिळायचा, मग कूकर चढवायचा. पाहुण्यांना नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही.

कूकर अ‍ॅल्युमिनियमचा, दांडा बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकचा आणि दोघांना धरून ठेवणारा स्क्रू पोलादी. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट बनवलं. ते ना उष्णतेला बधतं ना विजेला. मात्र स्क्रू अर्धा फेरा जास्त बसला की कडकन तडकतं. अ‍ॅल्युमिनियम तडकत नाही, पण इतकं मऊ की जोर लावला की त्याचे आटेच जातात. मग स्क्रू नुसता गरगर फिरतो, धरत काही नाही. मधल्या स्क्रूची गत सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी. गळतं वरच्याचं बाथरूम, भिजतं खालच्याचं छत, शिव्या याला.

त्यात तापमान. शिटी होताना आत साधारण १२० अंश असतात. तापलं की अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे कूकर गरम असताना सांधा असा काही आवळतो की वाटावं, आता सुधारला! त्या आवळण्यात बेकेलाइट जरासं दबतं, आणि कूकर गार होऊन मोरीत गेला की दांडा पुन्हा डुगडुगायला मोकळा. तक्रार नेमकी घासताना येते.

"अहो, काल पिळला होतात ना?"

"पिळला होता."

"मग हा कुणी सोडवला?"

भौतिकशास्त्राने, असं या घरात म्हणायची सोय नाही.

शिवाय शिटीबरोबर उडालेलं मिठाचं पाणी फटीत मुरतं. दोन निराळे धातू, मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. तिच्यावर दिवा काही लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम तेवढं झिजतं आणि स्क्रूच्या बुडाशी पांढरी भुकटी साठते.

भांड्यांच्या दुकानात गेलो. काकांनी स्क्रू नखाने फिरवून पाहिला.

"आटे गेलेत, साहेब. पितळी टाकून देतो, जन्मात गंजणार नाही."

तो गंजणार नाही, हे खरंच. पण पितळेच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियम आणखी झपाट्याने झिजतं. मी हे सांगताच काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुम्हाला कूकर वापरायचाय की त्याच्यावर पीएचडी करायचीय?"

शेवटी एक नंबर जाडा स्टीलचा स्क्रू आणि स्प्रिंग वायसर घेऊन आलो. वायसर स्क्रूला जरा दाबात ठेवतो, इतकंच. जाडा स्क्रू बसवायला भोक मोठं करावं लागलं. आई दारातून सगळं बघत होती.

"आमच्या पातेल्यांना कुठे दांडे होते? सांडशीने धरायचं नि उतरवायचं."

"आई, हा पाच लिटरचा कूकर आहे."

"मग उतरवतोस कशाला? गॅस बंद कर, नि तिथेच वाढ."